भुईधनेश बघायचा तर आधी कान, मग मोजणी, फोटो शेवटी

दरवर्षी जून उजाडला आणि पुन्हा ऑगस्ट सरला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. वाळलेलं गवत, त्यात टर्कीएवढा काळा पक्षी, आणि खाली ओळ : ‘आफ्रिकन धनेश, मादी, क्रूगर.’ या ओळीत तीन गोष्टी सांगितलेल्या असतात आणि बहुतेक वेळा त्यातली एकच बरोबर असते : क्रूगर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं ते मोठं राष्ट्रीय उद्यान. ‘आफ्रिकन धनेश’ नावाचा एक पक्षी नाही. जिला मादी म्हटलंय ते पिवळ्या गळ्याचं पोर असतं. आणि फोटोत एकच दिसतो, कारण गवतात चरणारे उरलेले चार कुणी मोजलेलेच नसतात.

हा लेख सदर्न ग्राउंड हॉर्नबिलबद्दल आहे. शास्त्रीय नाव ब्युकोर्व्हस लेडबीटरी. सोयीसाठी पुढे त्याला भुईधनेश म्हणतो. तो शोधायला अवघड नाही, नशिबाची थोडी साथ लागते इतकंच. लोक चुकतात ते क्रमात. दिसला की कॅमेरा वर, पन्नास फोटो, पुढच्या सिंहाकडे रवाना. हॉटेलवर आल्यावर फोटोवरून ‘माहिती’ काढायची. या पक्ष्याची निम्मी माहिती फोटोत येतच नाही, कारण तो एकटा राहणारा पक्षी नाही. नोंद पक्ष्याची करायची नसते, गटाची करायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या पायऱ्या आपोआप सुचतात.

पायरी १ : घरून निघण्याआधी ‘कुठला’ हे ठरवून टाका

भुईधनेश दोन जातींचे. कुठल्या देशात जाताय यावरूनच बरंचसं उत्तर मिळतं. क्रूगर, बोट्स्वाना, झिंबाब्वे, सेरेंगेटी, मसाई मारा इथे दिसेल तो दक्षिणेकडचा. युगांडातलं मर्चिसन फॉल्स, इथिओपिया, उत्तर केनिया इथे दुसरा, अॅबिसिनियन. त्याच्या चोचीवरचं शिंग उंच आणि पुढून उघड्या नळीसारखं असतं, डोळ्याभोवती निळी कातडी असते, मादीचा तर गळाही निळा. आपल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, भुईधनेशाच्या चोचीवर नुसता बुटका कंगोरा असतो आणि प्रौढाचा चेहरा लालभडक. केनियाला जाणाऱ्यांनी दोन्हींची चित्रं फोनमध्ये ठेवावीत. क्रूगरला जाणाऱ्यांनी दुसऱ्याचा विचारही करू नये.

कॅम्पच्या जेवणाच्या टेबलाजवळ येऊन पाव मागणारा, पिवळ्या वाकड्या चोचीचा छोटा धनेश वेगळाच. तो यलो-बिल्ड हॉर्नबिल. त्याचाच भाऊबंद लाल चोचीचा, आणि आपल्या राखी धनेशाची आठवण करून देणारा आफ्रिकन ग्रे. हे तिघं झाडाझुडपांत उड्या मारतात आणि वजनाला शे-दोनशे ग्रॅम भरतात. भुईधनेश चार किलोच्या आसपास जातो, उंच पायांवर चालतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ जमिनीवर काढतो. ‘धनेश पाहिला’ एवढंच वहीत लिहिलं, तर रात्री तुमचं तुम्हालाच कळणार नाही कुठला ते.

*तपासा :* नोंदीच्या अॅपमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पक्ष्यांची यादी घरच्या वायफायवर उतरवून घेतली का? उद्यानात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

पायरी २ : हंगाम निवडा, आणि त्याचा तोटाही लक्षात ठेवा

मे ते सप्टेंबर कोरडा काळ. गवत बसलेलं, झाडं विरळ, त्यामुळे लांबून काळे ठिपके चालताना दिसतात. उद्यानाने जाळलेले पट्टे या दिवसांत बघायला मिळतात. काळ्या राखेत कोवळी हिरवळ फुटलेली दिसली की गाडी हळू करा. तिथे किडे, सरडे, बेडूक उघडे पडतात आणि भुईधनेश ते वेचत फिरतो. तोटा एवढाच की राखेच्या पार्श्वभूमीवर काळा पक्षी चटकन दिसत नाही.

ऑक्टोबर ते मार्च पावसाळा. हा विणीचा काळ, घुमणं जास्त, पोरंही सोबत. पण गवत वाढलेलं असतं आणि चार पक्ष्यांतले तीन त्यात बुडून जातात. शिवाय याच दिवसांत, सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुमाराला, गटातली प्रमुख मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली असते. तेव्हा तुम्हाला दिसणारा गट एकने कमी असू शकतो. ही गोष्ट आठव्या पायरीला पुन्हा लागणार आहे.

पहिल्यांदाच जात असाल तर माझा कौल ऑगस्ट-सप्टेंबरला.

पायरी ३ : सामान, आणि मुख्य म्हणजे घड्याळ

८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण माणशी एक. ‘आम्ही दोघांत एक वापरू’ हे फक्त पहिल्या दिवशी सकाळी चालतं. ३०० ते ४०० मिमीची लेन्स पुरते. तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या कडेवर ठेवली की तिपाईची गरज उरत नाही. पिशवी रिकामी न्या, तांदूळ तिथल्या दुकानात घ्या. पेन्सिल आणि वही. मलेरियाचा भाग आहे, डॉक्टरांना आधीच भेटा.

आता घड्याळ. दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, केनिया आणि टांझानिया अडीच तास. फोन स्वतःची वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. पहाटे ५.४० ला काढलेल्या फोटोवर ९.१० पडतं आणि नंतर पहाटेची नोंद भर उन्हाची होऊन बसते. माझ्या एका अख्ख्या सहलीचं असंच वाटोळं झालं होतं. घरी बसून प्रत्येक फोटोतून साडेतीन तास वजा करणं हा काय धंदा आहे, ते मला विचारा.

*तपासा :* विमानतळावरून गाडी ताब्यात घेतली की पहिलं काम कॅमेऱ्याची वेळ. दुसरं काम सीटबेल्ट.

पायरी ४ : पहाटे कान लावा

या पायरीला सगळे फाटा देतात आणि खरा शोध इथेच लागतो. भुईधनेश रात्री झाडावर झोपतो आणि उजाडण्याआधी तिथूनच घुमतो. आवाज खर्जातला, पोकळ, रिकाम्या माठात तोंड घालून हुंकारल्यासारखा : दोन-तीन हुंकार, मग किंचित थांबून आणखी. नर खालच्या पट्टीत, मादी त्याच्या वर, एकापाठोपाठ एक. हवा शांत असेल तर तो तीन किलोमीटरपर्यंत ऐकू येतो.

असं करा :

१. कॅम्पचं गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी उठा. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पचं गेट पहाटे ४.३० ला उघडतं, हिवाळ्यात ६ ला. निघण्याआधी त्या महिन्याची वेळ तपासून घ्या.

२. चहा, स्वयंपाकघर, जनरेटर यांच्यापासून लांब, कुंपणाच्या आतल्या बाजूला शांत उभे राहा. दहा मिनिटं बोलायचं नाही.

३. आवाज आला की फोनवरच्या होकायंत्रात दिशा बघून वहीत लिहा. जमल्यास शंभर-दीडशे पावलं चालून दुसऱ्या जागेवरून पुन्हा दिशा घ्या. दोन रेघा नकाशावर जिथे एकमेकींना छेदतील, साधारण तिकडे तुमचा गट. आवाज फार लांबचा असेल तर रेघा जवळजवळ समांतर येतील. मग दिशेवरच भागवा.

४. त्या दिशेचा रस्ता पकडून गेट उघडताच निघा. पक्षी उजेड होताच झाडावरून उतरून चालायला लागतात.

*सावध :* हाच आवाज ऐकून नवखे लोक हमखास ‘सिंह!’ म्हणतात. सिंहाची गर्जना मोठी होत जाते आणि शेवटी घरघरीत तुटक होत विरते. भुईधनेशाचे हुंकार ठरावीक तालात येतात, आणि बहुधा दोन पट्ट्यांत. फोनवर रेकॉर्ड करून रात्री ऐकवू म्हणाल तर फोनच्या छोट्या स्पीकरमधून हा खर्ज जवळजवळ येतच नाही. ऐकलं तेव्हाच लिहा.

आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. गटाला वाटतं शेजारचा गट हद्दीत घुसला. चरणं सोडून सगळे धावत येतात. तुमचा फोटो होतो, त्यांची सकाळ जाते.

पायरी ५ : रस्ता आणि वेग

क्रूगर जवळपास १९,५०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे ‘सगळं बघू’ हा बेत सोडा. भुईधनेशाला हवी असते बुटक्या गवताची मोकळी जमीन आणि अधूनमधून मोठी जुनी झाडं. मधल्या भागात सातारा कॅम्पच्या आसपासची मैदानं, तिथून पश्चिमेला ऑर्पनकडे जाणारा एच-७, पूर्वेचा कच्चा एस-१००, आणि दक्षिणेत प्रिटोरियसकॉप ते स्कुकुझा हा एच-१-१ रस्ता, हे माझे नेहमीचे. (सातारकरांनी उगाच खूश होऊ नये. जमिनीच्या मोजणीतल्या ‘सतरा’ नंबरवरून ते नाव पडलं असं सांगितलं जातं.)

डांबरी रस्त्यावर मर्यादा ताशी ५०, कच्च्यावर ४०. पक्ष्यांसाठी २० ते २५ पुरे. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, बाकीच्यांनी एकेक बाजू वाटून घ्यायची. सकाळी गेटपासून साधारण दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर शोधा. मधल्या उन्हात ते झाडाखाली सावलीत बसून असतात. तेव्हा मैदान नव्हे, सावल्या तपासा.

लांबून फसवणारे : जमिनीवर बसलेली गिधाडं (पाठ वाकलेली, चालताना लंगडी उडी), चालणारा मॅराबू करकोचा (पाठ राखाडी, पोट पांढरं). ओळीत, सारख्या अंतराने, माना खाली घालून शेत तुडवणाऱ्या माणसांसारखे काळे ठिपके पुढे सरकताना दिसले, तर बहुधा तेच.

पायरी ६ : थांबताना

गट दिसला की त्यांच्याकडे जाऊ नका. ते ज्या दिशेने चालताहेत त्या दिशेला, थोडं पुढे जाऊन, रस्त्याच्या कडेला गाडी लावा आणि इंजिन बंद करा. ते येतील किंवा येणार नाहीत. पाठलाग करून जवळचा फोटो मिळत नाही, पाठमोरा मिळतो.

कधीकधी गट थेट गाडीपाशी येतो. काचेत किंवा चकचकीत पत्र्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्याला परका पक्षी समजून ते चोची मारतात. याच सवयीमुळे शेतावरच्या घरांच्या काचा फुटतात आणि वैतागलेले लोक त्यांच्या जिवावर उठतात. गाडीच्या बाबतीत शांत बसा, त्या बाजूची काच वर घ्या, हात बाहेर काढू नका. खायला काही देऊ नका. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, एकदा माणसाच्या हातचं खायला शिकलेला पक्षी रस्त्यावरच राहतो आणि गाडीखाली जातो.

*तपासा :* निघण्याआधी सर्व पक्षी दोन्ही बाजूंना मोजून झालेत ना? चाकापाशी एखादा नाही ना? उतरून बघायचं नाही, गाडीतून उतरायला बंदी आहे. आरशात बघा, मागच्याला बघायला सांगा.

पायरी ७ : मोजणी, कॅमेऱ्याला हात लावण्याआधी

गटात दोनपासून नऊपर्यंत पक्षी असतात, क्वचित जास्त. तीन ते पाच नेहमीचे. वीण एकच प्रमुख जोडी करते, बाकीचे मदतनीस. क्रूगरमध्ये एका गटाची हद्द साधारण शंभर चौरस किलोमीटर. म्हणजे चरताना त्यांना पसरायला भरपूर जागा आहे आणि ते पसरतात. पहिल्या नजरेत दिसलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी असतो.

पहिली फेरी नुसत्या डोळ्यांनी, डावीकडून उजवीकडे. आकडा लिहा. दुसरी दुर्बिणीने, झुडपांच्या सावल्या आणि वारुळांच्या मागची बाजू धरून. पुन्हा लिहा. मग दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. मागे राहिलेला एखादा याच वेळात पळत येतो. पोर असेल तर आधी त्याचं घोगरं रडगाणं ऐकू येतं, मोठ्यांच्या मागे लागून ते सारखं खायला मागत असतं. तिसरी फेरी ते रस्ता ओलांडताना. तेव्हा एकेक करून जातात, मोजणं सोपं होतं.

सगळ्यांत खात्रीची मोजणी उडताना. बसलेला पक्षी पूर्ण काळा दिसतो. पंख उघडले की टोकाकडची मोठी पिसं पांढरीशुभ्र चमकतात. ज्यांनी फक्त चालताना पाहिलाय त्यांना हे पांढरं ठाऊकच नसतं, आणि मग ‘उडाला तो वेगळा पक्षी होता’ असं म्हणून दोन जाती लिहिल्या जातात. मीही सुरुवातीला लिहिल्या होत्या.

*सावध :* दोन गट हद्दीवर भिडले तर हवेत पाठलाग सुरू होतो आणि सात-आठ पक्षी एकदम दिसतात. याला ‘आठचा गट’ लिहू नका. थोड्या वेळाने ते दोन दिशांना पांगतात. कुठल्या दिशेला किती गेले ते वेगळं लिहा.

पायरी ८ : एकेका पक्ष्याचा गळा वाचा

आता दुर्बीण प्रत्येक पक्ष्यावर, आणि बघायचं फक्त चोचीखाली.

चेहरा आणि गळ्याची पिशवी दोन्ही पूर्ण लाल असेल तर प्रौढ नर. पिशवीवर, चोचीच्या लगेच खाली, जांभळट निळा डाग असेल तर प्रौढ मादी. डाग कधी मोठा, कधी बोटाएवढा. मान खाली असली की दिसत नाही. म्हणून पक्षी डोकं वर करेपर्यंत थांबायचं. पोटात बेडूक ढकलताना तो चोच आभाळाकडे करतो, तीच वेळ. कडक उन्हात सावलीचा भाग निळसर वाटतो, तेव्हा दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसल्याशिवाय ‘मादी’ लिहू नका.

पिवळट, करडा किंवा मळक्या रंगाचा गळा म्हणजे मादी नव्हे. ती वयाची खूण. पहिल्या वर्षी कातडी फिकट करडी, चोचही मळकट. मग पिवळी, मग पिवळ्यात लाल चट्टे, आणि पूर्ण लाल व्हायला चार ते सहा वर्षं जातात. पोराच्या पंखांतल्या पांढऱ्या पिसांवर काळे ठिपकेही असतात. अशा पक्ष्यापुढे ‘पोर’ किंवा ‘अर्धवट वाढलेला’ लिहा आणि नर-मादीचा रकाना मोकळा सोडा. मोकळा रकाना ही चूक नाही. अंदाजाने भरलेला रकाना ही चूक आहे, आणि ती शोधून काढता येत नाही.

पोर आहे की नाही याला एवढं महत्त्व का, ते थोडक्यात. हे पक्षी दरवर्षी यशस्वी वीण करत नाहीत. अंडी साधारण दोन घालतात, दुसरं पिल्लू काही दिवस उशिरा फुटतं आणि उपासमारीने मरतं. एका गटातून एक पिल्लू प्रौढ होईपर्यंत जगतं ते सरासरी नऊ वर्षांतून एकदा, असा क्रूगरमधल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष. दक्षिण आफ्रिकेत हा पक्षी धोक्यात आहे. गटात फिकट गळ्याचा एक पक्षी असणं म्हणजे त्या गटाची अलीकडची यशस्वी वीण तुम्ही नोंदवताय. तो ‘मादी’ म्हणून गेला की ती वीण कागदावर झालीच नाही.

विणीच्या दिवसांत गटात निळा डाग कुणालाच दिसला नाही, तर ‘मादी नाही’ असं लिहू नका. ‘प्रौढ मादी दिसली नाही’ लिहा. ती ढोलीत असू शकते. आपल्याकडचे धनेश मादीला ढोलीत चिखला-विष्ठेने चिणून घेतात, भुईधनेश तसं करत नाही. पण अंडी उबवताना ती बराच काळ आतच असते आणि बाकीचा गट तिला भरवतो.

पायांकडेही एक नजर टाका. काही पक्ष्यांना अभ्यासकांनी ओळखीसाठी रंगीत कडी घातलेली असतात. रंग, पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, तुमचा नव्हे), आणि वरून खाली क्रम, या तीन गोष्टी नसतील तर कड्याच्या नोंदीचा उपयोग नाही.

पायरी ९ : आता फोटो

प्रत्येक पक्ष्याचा, मान वर असताना, गळा दिसेल असा एक. पायांचा एक. सगळा गट येईल असा एक रुंद. काळ्या पिसांमुळे कॅमेरा फोटो उजळवून टाकतो आणि लाल रंग फुटतो. उजेड अर्धा ते एक स्टॉप कमी करा. एवढं झालं की पापण्यांचे कलात्मक फोटो काढायला मोकळे. त्या लांब पापण्या म्हणजे बदललेली पिसंच, आणि त्या खरंच देखण्या आहेत.

पायरी १० : नोंद त्याच रात्री

जागा ‘क्रूगर’ अशी लिहू नका. महाराष्ट्रातला एखादा जिल्हा मावेल एवढी जागा आहे ती. रस्त्याचा क्रमांक, जवळचा फाटा आणि त्यापासूनचं अंतर लिहा, किंवा थांबल्या जागी फोनवर खूण करा. संख्येच्या जागी ‘आहे’ अशी फुली मारू नका, आकडा लिहा. शेरा असा : ‘५, प्रौढ नर २, प्रौढ मादी १, पोर १, न ठरलेला १, जळलेल्या पट्ट्यात चरत, सकाळी ६.५०, कडी नाहीत.’ एवढ्या एका ओळीला माझ्या मते शंभर फोटोंहून जास्त किंमत आहे. लिंपोपोतला माबुला ग्राउंड हॉर्नबिल प्रकल्प लोकांनी पाहिलेल्या गटांच्या नोंदी घेतो, त्यांनाही पाठवता येते.

ढोलीचं मात्र वेगळं. चोचीत तीन-चार भक्ष्यं एकत्र धरून एखादा पक्षी न थांबता एकाच दिशेला निघाला, किंवा वाळलेल्या पानांचा घास घेऊन मोठ्या झाडाकडे उडाला, तर ढोली जवळ आहे. मागे जाऊ नका, ढोलीसमोर गाडी लावू नका, ती जागा ग्रुपवर टाकू नका आणि फोटोतला ठिकाणाचा तपशील काढून टाका. ती माहिती फक्त प्रकल्पाला किंवा उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना द्या. मेलेला पक्षी दिसला तर तेच. विषबाधा हे एक मोठं कारण आहे, म्हणून त्याला हात न लावता जागा आणि वेळ लगेच कळवा.

शेवटची गोम बेरजेची. सोमवारी फाट्यापाशी चार, मंगळवारी सहा किलोमीटरवर चार, बुधवारी पुन्हा चार : सहलीच्या यादीत बारा भुईधनेश लिहून मंडळी घरी येतात. शंभर चौरस किलोमीटरच्या हद्दीत सहा किलोमीटर म्हणजे एकाच गटाची सकाळची फेरी. नर-मादी-पोराचा हिशोब तिन्ही दिवस सारखाच येत असेल, तर ते चारच आहेत.